यादीतले दोन शेजारी

मेलबर्नमधल्या क्लेटन रोडवरच्या भारतीय दुकानांत तिरफळं मिळतात, कोकमं मिळतात, कुळथाचं पीठ मिळतं, गोठवलेली सुरमईही मिळते. इतक्या वर्षांत मला मिळाला नाही तो रावस. इंग्रजीत रावसाला ‘इंडियन सामन’ म्हणतात, म्हणून आमच्यासारखी कोकणातली माणसं इथे उलटा हिशोब करतात आणि सामन आणून त्यालाच हळद, तिखट, आगळ लावतात. खरं तर या दोन माशांचं एकमेकांशी काही नातं नाही. रावस आपल्या खाड्यांच्या तोंडाशी फिरणारा, गळ्याखाली दोऱ्यांसारखे पर लोंबणारा मासा. सामन मूळचा उत्तर अटलांटिकचा. ऑस्ट्रेलियात तो टास्मानियाच्या थंड पाण्यात जाळीच्या पिंजऱ्यांत वाढवतात.

माझी मुलगी मोनाश विद्यापीठात शिकत होती तेव्हाची गोष्ट. तिला धोक्यात आलेल्या दोन जातींची तुलना करायची होती. तिने एक फुलझाड निवडलं आणि एक पाकट. रात्री जेवताना ती म्हणाली, “आई, हा सामन कदाचित माझ्या पाकटाच्या खाडीतला असेल.” मला आधी काही उलगडा झाला नाही. पाकट म्हणजे माझ्या डोळ्यांसमोर मालवणच्या बाजारातलं, शेपटी छाटून पाटीत पालथं घातलेलं, उग्र वासाचं पाकट. फोनवर आईला सांगितलं तर तिने एवढंच विचारलं, “अगो, पाकटाक कसलो धोको इलो?”

तिचा प्रश्न रास्त होता आणि त्याचं उत्तर मला देता आलं नाही. ते शोधता शोधता हे पुस्तक झालं. मुलीचं काम पंधरा दिवसांत संपलं, माझं पाच वर्षं चाललं. वाचकाने पुढची प्रकरणं उघडण्याआधी या दोघांची ओळख करून द्यावी आणि त्यांना एकाच पुस्तकात का बसवलं तेही सांगावं, म्हणून ही प्रस्तावना जरा लांबली आहे.

पाकट आधी. याचं इंग्रजी नाव मॉजियन स्केट. शेपटीला विषारी काटा असणारं, जिवंत पिल्लं देणारं आपल्याकडचं पाकट आणि हे स्केट ही एकाच मोठ्या घराण्याची दोन कुळं आहेत. स्केटला तो काटा नसतो आणि ते अंडी घालतं. अंडं म्हणजे चारही कोपऱ्यांना शिंगं फुटलेली चामड्यासारखी चपटी पिशवी. आत एक पिल्लू महिनोन्‌महिने वाढत राहतं. आपल्या किनाऱ्यावरच्या माणसाला स्केट फारसं ठाऊक नसतं, कारण उष्ण प्रदेशात ही मंडळी खोल, गार पाण्यात राहतात. मी मराठीत दोघांनाही पाकटच म्हणते आहे. जाणकारांनी तेवढं चालवून घ्यावं.

टास्मानियाच्या नैर्ऋत्य टोकाला बॅथर्स्ट हार्बर नावाची दुर्गम खाडी आहे. तिथे ग्रॅहम एडगर या सागरी जीवशास्त्रज्ञाला १९८८ साली हे पाकट पहिल्यांदा सापडलं. शास्त्रीय वर्णन व्हायला आणखी एकोणीस वर्षं लागली. २००७ मध्ये पीटर लास्ट आणि डॅनियल ग्लेडहिल यांनी ते केलं. म्हणजे आपण ज्याला वाचवायचं म्हणतो, त्याला रीतसर नाव मिळूनही फार काळ झालेला नाही. बॅथर्स्ट हार्बरमध्ये ते मोजकंच दिसलं. आज ज्याला वस्ती म्हणता येईल अशी जागा एकच उरली आहे: पश्चिम किनाऱ्यावरचं मॅक्वारी हार्बर. जगातली बाकीची स्केट समुद्राच्या खाऱ्या पाण्यात राहतात. खाडीच्या मचूळ पाण्यात संसार करणारं हे एकटंच.

मॅक्वारी हार्बर नकाशात मोठं दिसतं आणि आहेही. सिडनी हार्बरच्या कितीतरी पट. पण त्याचं समुद्राकडचं तोंड अगदी चिंचोळं आणि उथळ आहे. त्या तोंडाला ‘हेल्स गेट्स’, नरकाची दारं, असं नाव पडलं, कारण आतल्या सारा बेटावर एकोणिसाव्या शतकात इंग्रजांनी कैद्यांची वसाहत केली होती. आत येणारा कैदी याच दारातून यायचा. समुद्राच्या पाण्यालाही आत येण्याची वाट हीच.

ते पाणी कसं आहे हे नीट समजलं तर पाकटाची अडचण समजते, म्हणून इथे थोडं थांबते. गॉर्डन नदी डोंगरातलं पाणी घेऊन येते. तिच्या वाटेवर कुजलेल्या पाल्याचा अर्क उतरतो, त्यामुळे ते कोऱ्या चहासारखं तपकिरी असतं. हे गोडं पाणी हलकं, म्हणून वर तरंगतं. समुद्राचं खारं पाणी जड, म्हणून तळाशी जातं. दोन्ही थर सहसा मिसळत नाहीत. वरच्या थराला हवा लागते, खालच्याला लागत नाही. तळाला प्राणवायू मिळायचा तो बाहेरचं ताजं समुद्राचं पाणी उंबरठा ओलांडून आत आलं तरच, आणि ते येणं नदीच्या प्रवाहावर, वाऱ्यावर, हवेच्या दाबावर अवलंबून. ही खाडी मुळातच श्वासाला अडचण असलेली. पाकट तरी तिथे टिकलं, कारण ते मधल्या पट्ट्यात, साधारण पाच ते पंधरा मीटर खोलीवर वावरायला शिकलं. अंडी मात्र पुष्कळदा त्याहून खाली, वीस मीटरच्या पुढे असतात. मोठं पाकट हवा कमी झाली की वर सरकेल. अंड्याला सरकता येत नाही.

२००९ नंतर खालच्या पाण्यातला प्राणवायू झपाट्याने उतरला. कारणं एकापेक्षा जास्त आहेत आणि ती एकमेकांत गुंतलेली आहेत. पिंजऱ्यांतल्या सामनची विष्ठा आणि उरलेलं खाद्य तळाशी साचतं, ते कुजवणारे जिवाणू पाण्यातला प्राणवायू वापरतात. विजेसाठी नद्यांचं पाणी धरणांत अडवून मागणीप्रमाणे सोडलं जातं, त्याने थरांचा जुना क्रम बदलतो. समुद्र तापतो आहे आणि गरम पाण्यात प्राणवायू कमी मावतो. याच्या आधी क्वीन्सटाउनच्या तांब्याच्या खाणीचा सुमारे दहा कोटी टन गाळ नद्यांतून या खाडीकडे वाहून आला होता. ते १९९४ मध्ये थांबलं. अधूनमधून जोराचा पश्चिमेचा वारा सुटला की तळाचं निःसत्त्व पाणी एकाएकी वर उसळतं. अशा वेळी खुणेचे ट्रान्समीटर लावलेली पाकटं मेल्याचीही नोंद आहे. पळायला जागा असूनही ती वेळेत पळू शकली नाहीत.

होबार्टच्या टास्मानिया विद्यापीठातली सागरी आणि अंटार्क्टिक अभ्यास संस्था या पाकटावर वर्षानुवर्षं लक्ष ठेवून आहे. २०२३ मध्ये तिने सांगितलं की २०१४ ते २०२१ या काळात जाळ्यात सापडणाऱ्या पाकटांचं प्रमाण ४७ टक्क्यांनी घटलं. त्याच वर्षी केंद्र सरकारच्या संवर्धन-सल्ल्यात सामनपालनाचा प्राणवायूवर होणारा परिणाम थांबवणं किंवा बराच कमी करणं हे सगळ्यांत निकडीचं काम म्हणून मांडलं गेलं. डिसेंबर २०२३ मध्ये चार मोठी पाकटं पकडून प्रयोगशाळेतल्या टाक्यांत आणली; त्यातली दोन थोड्याच दिवसांत दगावली. उरलेल्यांतल्या मादीने अंडी घातली आणि जुलै २०२४ मध्ये टाकीत घातलेल्या अंड्यातून पहिलं पिल्लू बाहेर आलं. खाडीत यंत्राने प्राणवायू सोडण्याचा प्रयोगही सुरू झाला. २०२५ च्या सुरुवातीला त्याच संस्थेने सांगितलं की जाळ्यातलं प्रमाण पुन्हा २०१४ च्या आसपास पोहोचलं आहे. आणि मार्च २०२५ मध्ये संसदेने पर्यावरण कायद्यात अशी दुरुस्ती केली की सामनपालनासारख्या प्रकरणांत जुन्या परवानग्यांचा फेरविचार करण्याचा पर्यावरणमंत्र्याचा अधिकार आखडला गेला.

शेवटच्या दोन बातम्या पाठोपाठ आल्या. खाडीकाठच्या स्ट्रॅहान गावातल्या ज्या कुटुंबांची चूल सामनवर पेटते त्यांना हायसं वाटलं, आणि मला ते समजतं. मासेमारीवर जगणाऱ्या गावात मी वाढले आहे. पण ज्याची सगळी जात एका खाडीत मावते, त्याच्या बाबतीत एक चांगला हंगाम म्हणजे एक चांगला हंगाम, इतकंच. हे माझं मत आहे आणि ते मी पुस्तकात लपवलेलं नाही.

आता फूल. माझी नणंद टार्नीटला राहते. क्लेटनहून वेस्ट गेट पूल ओलांडून मेलबर्नच्या पश्चिमेला गेलं की तासाभरात तिचं घर येतं. मेलबर्नची पश्चिम उपनगरं, टार्नीट, ट्रुगनिना, पॉइंट कुक, ही गेल्या वीसेक वर्षांत मराठी कुटुंबांनी भरली. तिच्याकडे पहिल्यांदा गेले तेव्हा ती अंगणातली माती दाखवत म्हणाली, “वहिनी, बघा, अगदी सोलापूरची वाटते ना?” तिचं लग्नानंतरचं पहिलं बिऱ्हाड सोलापूरला होतं. माती खरोखर तशीच होती: काळी, पावसात पायाला चिकटणारी, उन्हाळ्यात हात जाईल एवढी भेगाळणारी. तिच्या गॅरेजच्या भिंतीला त्या मातीनेच तडा दिला आहे.

साम्य योगायोगाचं नाही. दख्खनसारखंच इथेही लाव्हारसाचं पठार आहे. मेलबर्नपासून पश्चिमेला शेकडो किलोमीटर पसरलेलं हे व्हिक्टोरियाचं ज्वालामुखी मैदान दख्खनपेक्षा वयाने खूपच कोवळं, पण कातळ तोच, बेसॉल्ट, आणि तो झिजून झालेली मातीही त्याच रंगाची. त्यावर गवताळ माळ होता. त्यात जे मुख्य गवत, ज्याला इथे कांगारू गवत म्हणतात, तेच गवत भारतातही उगवतं. इथले मूलनिवासी कुलिन लोक हा माळ ठरावीक वेळी जाळत. जाळल्यावर गवताच्या झुंबक्यांमध्ये मोकळी माती दिसू लागे आणि त्या फटींतून कंदांची, फुलांची झाडं वर येत. मेंढ्या आल्या, नांगर आला, मग शहर आलं. मूळच्या माळाचा शेकड्यात एखाद-दुसरा हिस्सा उरला. २००८ मध्ये या गवताळ मैदानाला राष्ट्रीय पातळीवर अतिसंकटग्रस्त परिसंस्था म्हणून नोंदवलं गेलं.

माझी नायिका त्या फटींतलीच. बटन रिंकलवर्ट. फर्डिनांड फॉन म्युलर या व्हिक्टोरियाच्या सरकारी वनस्पतीशास्त्रज्ञाने एकोणिसाव्या शतकात तिचं वर्णन केलं. वीतभर-दीड वीत उंचीच्या बारीक काड्या, अरुंद पानं, आणि प्रत्येक काडीच्या टोकाला एकच पिवळं, गच्च, घुमटासारखं फूल. मंडईत बटन शेवंती मिळते ना, तिची आठवण होते. कूळही तेच, सूर्यफुलाचं. पण भोवती पाकळ्यांची झालर नाही. मी पहिल्यांदा ती ट्रुगनिनाच्या जुन्या दफनभूमीच्या कुंपणाबाहेरून पाहिली, डिसेंबरात, दुपारच्या उन्हात. आजूबाजूला गोदामं आणि नवी घरं. आत थडग्यांच्या मधल्या जागेत गवत, आणि गवतात हे पिवळे ठिपके. दोन माश्या आणि एक छोटा भुंगेरा त्यांवर बसून उठत होते. बघून कोणीही म्हणेल, झाड छान चाललं आहे.

दफनभूमीत ती का उरली, याचं उत्तर सोपं आहे. थडग्यांच्या जागेत कोणी नांगर घालत नाही, मेंढ्या सोडत नाही. गवत वाढलं की कापलं किंवा जाळलं जातं. रेल्वे रुळांच्या कडेच्या पट्ट्यांतही असंच: ठिणगीने वणवा लागू नये म्हणून गवत वरचेवर जाळत आले, आणि नकळत कुलिनांचीच रीत चालू राहिली. पश्चिम व्हिक्टोरियात अशा तुकड्यांत, आणि शेकडो किलोमीटर दूर कॅनबेराच्या परिसरात, ही जात विखुरलेली आहे. कुठे हजारो झाडं, कुठे दहा-वीस.

दहा-वीस झाडं उरली की काय होतं, हे समजलं तेव्हा मला तुकड्यांतली फुलं वेगळी दिसू लागली. या झाडाला सगोत्र चालत नाही. उपमा माझी आहे, शास्त्रात याला स्व-असंगतता म्हणतात. पण मराठी वाचकाला ती एका दमात कळेल. परागकण फुलाच्या कुक्षीवर पडला की झाड आधी त्याची खूण तपासतं. ती खूण एका विशिष्ट जनुकाची. खूण आपल्याशी जुळली तर परागाला आत येऊ देत नाही, मग तो स्वतःच्याच फुलाचा असो की शेजारच्या झाडाचा. मोठ्या माळावर या जनुकाच्या अनेक आवृत्त्या फिरत असतात, त्यामुळे प्रत्येकाला कोणी ना कोणी चालणारं स्थळ मिळतं. तुकडा लहान झाला की आवृत्त्या एकेक करून नाहीशा होतात आणि उरलेली सगळी एका गोत्राची होऊन बसतात. फुलं येतात, माश्या येतात, पराग पडतो, आणि बी धरत नाही. अँड्र्यू यंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सीएसआयआरओ या राष्ट्रीय संशोधन संस्थेत हे काम केलं आणि आज लहान वस्त्यांच्या जनुकशास्त्रात ते एक नमुन्याचं उदाहरण मानलं जातं.

त्यात आणखी एक पेच. काही वस्त्यांतल्या झाडांत गुणसूत्रांचे दोन संच आहेत, काहींत चार. दोन-संचवाल्या आणि चार-संचवाल्या झाडांचा संकर झाला तर संतती तीन संचांची, आणि ती पुढे जवळजवळ वांझ. म्हणजे दूरचं गोत्र आणायचं तर आधी घराणं तपासावं लागतं. बी वाऱ्याने अर्ध्या मीटरपलीकडे सहसा जात नाही आणि मातीत फार काळ जिवंत राहत नाही, त्यामुळे झाड आपणहून शेजारच्या गावी जाऊन सोयरीक करील ही आशा नको. एकेक झाड दहा वर्षांहून जास्त जगतं. एखादा तुकडा दहा उन्हाळे फुलत राहील आणि अकराव्या वर्षी लोक विचारतील, अचानक काय झालं?

ही झाली ओळख. आता दोघांना एकत्र का आणलं ते.

ऑस्ट्रेलियाच्या १९९९ च्या पर्यावरण कायद्याखाली धोक्यातल्या जातींची एक राष्ट्रीय यादी आहे. तिच्यात बटन रिंकलवर्ट आणि मॉजियन स्केट यांच्यापुढे एकच शब्द लिहिलेला आहे: ‘एन्डेंजर्ड’, संकटग्रस्त. यादी करणाऱ्यांना एकच शब्द लागतो, त्याला इलाज नाही. पण त्या एका शब्दामुळे आपल्याला वाटतं की दोघांचं दुखणंही एक आहे आणि औषधही एक. हाच समज या पुस्तकाला खोडून काढायचा आहे. पाकटाचा संसार सगळा एका ठिकाणी आहे आणि ते ठिकाणच बिघडलं आहे. फुलाचा संसार अनेक ठिकाणी आहे आणि ती ठिकाणं एकमेकांपासून तुटली आहेत. पाकटाला हवा पाहिजे, फुलाला सोयरीक. पाकट दुसऱ्या खाडीत नेऊन सोडता येणार नाही, तशी दुसरी खाडीच नाही. टाकीत वाढवलेलं पिल्लू शेवटी सोडायचं ते त्याच पाण्यात. फुलाचं बी मात्र गोळा करता येतं, रोपवाटिकेत वाढवता येतं, योग्य घराण्याचं पाहून दुसऱ्या तुकड्यात लावता येतं. त्याला मग हवी असते जागा, आणि दर काही वर्षांनी ती जाळायची तयारी.

जागेचंही सांगते. मेलबर्न पश्चिमेला वाढवताना, बांधकामात जाणाऱ्या माळाच्या बदल्यात शहराबाहेर १५,००० हेक्टरचा राखीव गवताळ प्रदेश घ्यायचा, असं राज्य सरकारने ठरवलं. तो २०२० पर्यंत ताब्यात यायचा होता. २०२० मध्ये राज्याच्या महालेखापरीक्षकांनी पाहिलं तर जेमतेम दहा टक्के जमीन घेतली गेली होती. घरं मात्र ठरल्या वेळी उभी राहिली. माझ्या नणंदेचं त्यातलंच एक, आणि तिने ते पै पै जमवून, रात्रपाळ्या करून घेतलं आहे. तिच्यावर माझा काडीचा राग नाही. परवानगीचा कागद आणि राखीव जमीन यांच्यातलं अंतर हा तिचा गुन्हा नव्हे.

मराठी वाचकाला तिसरं उदाहरण जवळचं वाटेल. शिवनेरीच्या आणि सह्याद्रीतल्या आणखी काही ठिकाणच्या उभ्या कड्यांवर शिंदळ माकुडी उगवते: गुबगुबीत पानांची, तांबड्या-किरमिजी चांदणीसारख्या फुलांची. मुंबईचा गव्हर्नर बार्टल फ्रिअर याच्या नावावरून तिला शास्त्रीय नाव मिळालं. मूळ जागी ती दुर्मीळ, पण तिची फांदी तोडून लावली तर लागते, त्यामुळे जगभरच्या हौशी लोकांच्या कुंड्यांत ती आहे. मग ती वाचली असं म्हणायचं का? कुंडीतल्या माकुडीला कड्यावरचा पाऊस, माशी, उतार यांतलं काहीच ठाऊक नसतं. टाकीतलं पाकट, रोपवाटिकेतली रिंकलवर्ट आणि कुंडीतली माकुडी यांच्यावर एक स्वतंत्र प्रकरण आहे. मला स्वतःला ते सगळ्यांत अवघड गेलं.

आणि आईच्या प्रश्नाचं उत्तर. होय, आपल्या पाकटांनाही धोका आलेला आहे. भारताने २००१ साली काही मुशी आणि पाकटांना वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत घेतलं. त्यांत करवतीसारखं नाक असलेले मासे होते, काटेरी पाठीचं पाकट होतं. २०२२ च्या दुरुस्तीने यादी आणखी वाढली. यांची वाढ सावकाश, पिल्लं मोजकी, आणि ट्रॉलरच्या जाळ्याला कायदा वाचता येत नाही. आई म्हणते, तिच्या लहानपणी करवतीचं नाक घरोघरी भिंतीवर टांगलेलं असायचं. आता मासा नाही, नाक तेवढं कुठेकुठे आहे.

ट्रुगनिना या नावाबद्दलही लिहायलाच हवं. ते उपनगर ट्रुगनिनी या टास्मानियातल्या मूलनिवासी स्त्रीच्या नावाने ओळखलं जातं. तिचा जन्म १८१२ च्या सुमारास ब्रुनी बेटावर झाला. जॉर्ज ऑगस्टस रॉबिन्सन या इंग्रज अधिकाऱ्याबरोबर १८३९ मध्ये तिला आजच्या मेलबर्नच्या भागात आणलं गेलं. १८७६ मध्ये होबार्टला ती वारली, तेव्हा गोऱ्यांनी जाहीर केलं की टास्मानियाची शेवटची मूलनिवासी गेली. तिचा सांगाडा विसाव्या शतकात १९४७ पर्यंत वस्तुसंग्रहालयात मांडून ठेवला होता. तिच्या अस्थी समुद्रात विसर्जित व्हायला १९७६ उजाडलं. आणि ती शेवटची नव्हतीच. टास्मानियाचे पालावा लोक आजही आहेत, हजारोंनी आहेत, आणि ‘शेवटची’ या शब्दाने आपल्याला जिवंतपणी पुसून टाकलं हे ते वारंवार सांगतात. फुलाची दफनभूमी तिच्या नावाच्या गावात, पाकटाची खाडी तिच्या बेटावर. हा धागा मला ओढून आणावा लागला नाही, तो तिथेच होता. मात्र त्याने मला एक शिस्त लावली: या पुस्तकात ‘शेवटचं’ हा शब्द मी कुठल्याही जिवाला लावलेला नाही. मेलबर्नच्या पश्चिमेच्याच माळावरचा एक छोटा सरडा, बिनकानी ड्रॅगन, १९६९ नंतर कोणाला दिसला नव्हता. २०२३ मध्ये तो पुन्हा सापडला. गवतात होताच तो.

क्लेटनमध्ये बसून हे लिहिलं, यालाही एक कारण आहे. मोनाश विद्यापीठ १९६१ मध्ये इथे सुरू झालं तेव्हा प्राणीशास्त्राचे पहिले प्राध्यापक होते जॉक मार्शल. कोवळ्या वयात बंदुकीच्या अपघातात त्यांचा एक हात गेला होता. त्यांनी आग्रह धरला की विद्यापीठाच्या आवारात विलायती झाडं नकोत, इथलीच लावा, आणि आवाराचा एक तुकडा रानाला सोडा. तो तुकडा आज त्यांच्या नावाने राखीव आहे. १९६६ मध्ये त्यांनी ‘द ग्रेट एक्स्टर्मिनेशन’ हे पुस्तक संपादित केलं, ऑस्ट्रेलियात गोऱ्या वसाहतीने झाडाप्राण्यांचा जो संहार केला त्याचा तो रोखठोक पंचनामा होता. दुसऱ्या वर्षी ते गेले. त्या राखीव रानाच्या कडेने मी कित्येक संध्याकाळी मुलीची वाट पाहत चालले आहे. निलगिरीच्या सालींचा वास, तळ्याकडून बेडकांचा आवाज, आणि पलीकडे वेलिंग्टन रोडवरची गाड्यांची रांग.

पुस्तकाच्या वापराबद्दल थोडं. प्रकरणं एकाआड एक लावली आहेत, एक पाण्यातलं, एक मातीतलं. सरळ वाचायचा कंटाळा आला तर आधी सगळी पाण्यातली वाचा, काही बिघडत नाही. जिथे मराठी नाव रूढ आहे तिथे तेच वापरलं, नाही तिथे इंग्रजी नाव देवनागरीत ठेवलं. नवी नावं पाडायचा मोह मी टाळला. सामन आम्ही अजून खातो, आधीपेक्षा कमी. पाकिटावर टास्मानिया लिहिलेलं असतं, खाडीचं नाव नसतं. दुकानात मी ते विचारते, आणि आता तिथला मुलगा मला पाहिलं की आधीच मान हलवतो.

आणि ज्यांना फूल पाहायचं आहे त्यांनी डिसेंबर ते मार्चच्या दरम्यान ट्रुगनिनाला जावं. कुंपणाच्या आत शिरू नये. आतली माणसंही विश्रांतीला आलेली आहेत. बाहेरच्या कडेलाच एक जुनी चादर टाकून बसावं, गुडघ्यांना बरं पडतं. डोळे गवताच्या उंचीला आले की पिवळी बटणं दिसायला लागतात. नणंदेच्या मुलाने गेल्या खेपेला एका तुकड्यात सत्तावीस मोजली. मग एका माशीच्या मागे लागून तो पुन्हा मोजायला बसला, आणि त्याचा आकडा दुसऱ्यांदा एकतीस आला.

क्लेटन, मेलबर्न